ऐरोलीतले सहा महिने : सर्व्हिस कंपनीतून प्रॉडक्ट कंपनीत जाताना

८ ऑक्टोबर २०२४ ला प्रोबेशन संपल्याचा मेल आला. त्याच्या आधीचं जवळजवळ वर्षभर मी रात्री जेवणं आटपली की फोनवर एकच गोष्ट शोधत बसायचे : मोठ्या सर्व्हिस कंपनीतून (दुसऱ्यांची सॉफ्टवेअरची कामं करून देणारी) छोट्या, धावत्या प्रॉडक्ट कंपनीत (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणारी) गेलं की नेमकं काय होतं? सापडायचं ते बहुतेक बंगळूरचं, आणि पगाराच्या आकड्यांनी भरलेलं. कागद कुठले लागतात, पहिल्या महिन्यात काय अडतं, रडू येतं का, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे.

मी ठाणे पूर्वेला, कोपरीत राहते. महापेला एका मोठ्या कंपनीत पावणेचार वर्षं होते. परदेशी बँकेचा प्रकल्प होता. वर्षाला चार रिलीज (नव्या आवृत्त्या), प्रत्येकाच्या आधी चेंज रिक्वेस्ट म्हणजे बदलाचा अर्ज, त्याच्यावर तीन जणांची मंजुरी, मग शनिवारी रात्री डिप्लॉयमेंट, म्हणजे नवा कोड चालू करणं. मी लिहिलेला कोड वापरणाऱ्यापर्यंत पोचायला अडीच-तीन महिने लागायचे, आणि तोवर मी तो विसरलेली असायचे. माणसं चांगली होती, कामाचा जाच नव्हता. पण माझ्या कामाने कुणाचं काय सोपं झालं, हे मला पावणेचार वर्षांत एकदाही दिसलं नाही. ते मनाला फार लागायला लागलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ऐरोलीच्या एका कंपनीकडे अर्ज केला. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि साठ्याचं सॉफ्टवेअर बनवणारी, साधारण नव्वद माणसांची कंपनी. पाच फेऱ्या झाल्या आणि सात आठवडे गेले. फोनवर गप्पा, घरी करायचं काम (मला दोन रविवार लागले), समोर बसून जोडीने कोड लिहिणं, सिस्टिम डिझाइन आणि शेवटी एचआर. जोडीने कोड लिहायच्या फेरीत समोरचा मुलगा सुरुवातीलाच म्हणाला, "अडलीस तर बोल. गप्प बसू नकोस." मला वाटलं, धीर द्यायला म्हणतोय. ते त्या कंपनीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं, हे कळायला मला पुढे तीन महिने लागले.

२२ डिसेंबरला ऑफर आली. इथे एक सांगते, कारण मी स्वतः गोंधळले होते. सीटीसीचा (आपल्यामागे कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च) आकडा पाहून हुरळून जाऊ नका. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते (२०२३ मध्ये मूळ पगाराच्या ४.८१ टक्के) आणि बहुधा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भागही असतो. माझ्या ऑफरमध्ये व्हेरिएबल १० टक्के होता, तोही वर्षाअखेरीस मिळणारा. मी एचआरला सरळ विचारलं, "दर महिन्याला खात्यात किती जमा होतील, तेवढं लिहून द्याल का?" दुसऱ्या दिवशी तक्ता आला. त्यात पीएफ, टीडीएस, व्यवसाय कर सगळं होतं. आपल्याकडे व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. रक्कम छोटी आहे, पण सगळं धरून हातात येणारा आकडा सीटीसीला बारांनी भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो. घराचा हप्ता ठरवताना तोच आकडा धरावा.

२ जानेवारी २०२४ ला राजीनामा दिला. नोटीस पिरियड ९० दिवस. हा काळ मला सगळ्यात जड गेला. नवीन कंपनी दर पंधरा दिवसांनी विचारायची, "लवकर सुटता येईल का?" आणि जुन्या मॅनेजरकडे विषय काढला की "बघू" एवढंच. पगार भरून लवकर सुटण्याची सोय करारात होती, पण ती मॅनेजरच्या मर्जीवर. शेवटी मी शिल्लक रजेतले चार दिवस वळते करून मागितले आणि शेवटचा दिवस २८ मार्च ठरला. आर्थिक वर्ष संपतानाच बदल झाल्यामुळे एक ताप वाचला. वर्षाच्या मधेच नोकरी बदलली तर आधीच्या पगाराची माहिती नवीन कंपनीला द्यायची असते (२०२४ मध्ये त्यासाठी फॉर्म १२बी होता). माझ्या मैत्रिणीने ती दिली नव्हती. दोन्हीकडे करसवलती वेगवेगळ्या धरल्या गेल्या आणि रिटर्न भरताना तिला एकदम मोठी रक्कम भरावी लागली.

लॉगिन बंद व्हायच्या आत सगळ्या पगाराच्या स्लिपा, जुने फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचे दाखले), अप्रेझलची पत्रं आणि राजीनामा मंजूर झाल्याचा मेल स्वतःच्या मेलवर घ्या. मी शेवटच्या दिवशी दुपारी करू म्हणून ठेवलं आणि तीन वाजताच लॅपटॉप जमा करायला सांगितलं. दोन वर्षांच्या स्लिपा राहिल्या. त्या मिळवायला पुढे सहा मेल आणि तीन आठवडे लागले.

पार्श्वभूमी पडताळणी एका बाहेरच्या संस्थेकडे होती. पदवीचं प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, तीन महिन्यांच्या स्लिपा, आधार, पॅन, आणि घराच्या दारात उभं राहून लोकेशनसकट फोटो. आमच्या चाळीचा जिना अंधारा आहे, तीन वेळा फोटो नाकारला गेला. शेवटी सासूबाई टॉर्च धरून उभ्या राहिल्या. रिलिव्हिंग लेटर हातात नव्हतंच, ते हिशोबाबरोबर मे महिन्याच्या मध्यावर आलं. तोवर राजीनामा मंजुरीच्या मेलवर काम भागलं. गोपनीयतेच्या करारासाठी शंभराचा स्टॅम्प पेपर लागला होता. फोटो, झेरॉक्स, नोटरी धरून साडेसहाशे रुपये खर्च झाला.

८ एप्रिल, सोमवार. कोपरीतून चालत ठाणे स्टेशन, ट्रान्सहार्बरचा प्लॅटफॉर्म, पनवेल लोकल. जानेवारीतच दिघा गाव स्टेशन सुरू झालं होतं, त्यामुळे मधे एक थांबा वाढला होता, तरी दहा मिनिटांत ऐरोली. पूर्वी घणसोलीला उतरून पुढे रिक्षा करावी लागायची. आता स्टेशनवरून चालत ऑफिस. जाण्यायेण्यातला रोजचा तास वाचला, आणि तो वाचला म्हणूनच पुढचे सहा महिने निभावले असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ऑफर निवडताना पगाराइतकाच प्रवासाचा विचार करा.

पहिल्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र, तेरा फॉर्म. त्यातला फॉर्म ११ पीएफचा. त्यात जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) नीट लिहा, नाहीतर नवीन नंबर निघतो आणि पुढे दोन खाती जोडत बसावं लागतं. मला एक 'बडी' (नव्या माणसाला मदत करणारी सहकारी) दिली होती, वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, सुट्टी. गुढीला नमस्कार करताना मनात आलं, एक दिवस गेला तिथे आणि काय आनंद आहे! एवढ्या आनंदात नोकरी मी पूर्वी कधी सुरू केली नव्हती.

बुधवारी आनंद उतरला.

इथे सगळे एकमेकांना नावाने आणि अरे-तुरे करतात, कंपनीच्या संस्थापकालासुद्धा. मला 'सर'ची इतकी सवय, की दोन आठवडे मी त्यांना हाकच मारली नाही. समोर जाऊन उभी राहायचे. सव्वादहाला स्टँडअप : काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. पंधरा मिनिटांत अकरा जण बोलून मोकळे. मी नावं लिहून घेत होते तोवर सगळे जागेवर जाऊन बसले होते.

त्या दिवशी मला आमचं सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून बघायचं होतं. मार्गदर्शिका होती. सातव्या पायरीला डेटाबेसची जोडणी होईना. आजूबाजूला सगळे कानात हेडफोन घालून. यांना किती वेळा त्रास द्यायचा, पावणेचार वर्षांचा अनुभव घेऊन आलीय आणि एवढंही जमत नाही म्हणतील, असं वाटून मी गप्प बसले. अकरा वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत. डबाही जागेवरच खाल्ला. पाचला बडी चहाला बोलवायला आली, माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, तो पोर्ट बदललाय मागच्या महिन्यात. मार्गदर्शिकेत राहून गेलं बघ." तीस सेकंदांचं काम. सहा तास गेले होते. तिने लगेच मार्गदर्शिका सुधारली आणि मला म्हणाली, "पुढच्या वेळी अर्धा तास झाला की ग्रुपवर टाक. मला वेगळा मेसेज नको, सगळ्यांच्या ग्रुपवर." मान डोलावली. पण अंगात भिनायला वेळ लागला.

पहिलं तिकीट (नोंदवून दिलेलं काम) बिलाच्या पानावर सवलतीचा रकाना वाढवण्याचं होतं. चार दिवस खपून मी एकच मोठा पीआर (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) केला, साडेआठशे ओळींचा. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्यांनी तो तपासल्यावर, २७ शेरे आले. घरी येऊन कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायचंच विसरले. जुन्या ठिकाणी २७ शेरे म्हणजे मॅनेजरच्या खोलीत बोलावणं. इथे ते शेरे म्हणजे नुसतं संभाषण होतं : हे नाव बदलूया का, हे आधीच एका फंक्शनमध्ये आहे बघ, इथे रुपये दशांशात का ठेवलेस, आपण रक्कम पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवतो. शेवटचा शेरा टीम लीडचा. हे पाच भागांत तोड, प्रत्येक भाग आजच्या आज लाइव्ह जाऊ दे, फीचर फ्लॅग बंद ठेव.

हे मला नीट समजायला एक पूर्ण महिना लागला. दिवसाला सात-आठ वेळा डिप्लॉय करणारी माणसं भराभर टाइप करत असतील असं मी समजत होते. प्रत्यक्षात ती काम इतकं बारीक तोडतात की प्रत्येक तुकडा वाचायला दहा मिनिटं लागतात, आणि बिघडला तर मागे घ्यायला दोन. फ्लॅग बंद असल्यामुळे अर्धवट काम लाइव्ह असूनही ग्राहकाला दिसत नाही. माझा साडेआठशे ओळींचा पीआर वाचायलाच कुणाला वेळ नव्हता, म्हणून तो अडकला होता.

मे महिना वाईट गेला. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या टप्प्यात) मी घेतलेल्या पाच तिकिटांपैकी दोनच झाली. पुढच्या स्प्रिंटमध्ये तीन. २० मेला लोकसभेच्या मतदानाची सुट्टी होती. मत देऊन आले, जेवले आणि बोटाची शाई वाळते न वाळते तोच लॅपटॉप उघडून बसले, कुणी सांगितलं नसताना. रात्री साडेअकराला नवरा म्हणाला, "तुला हाकलणार आहेत का उद्या?" उत्तर देता आलं नाही, कारण मला खरोखर तसंच वाटत होतं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ऐरोली स्टेशनवर बाकड्यावर बसून दोन ठाणे लोकल सोडल्या. घरी जाऊन हसरा चेहरा करायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी लीडबरोबर दर पंधरवड्याची एकास एक भेट होती. सांगून टाकलं, "मला वाटतं मी या वेगाला पुरी पडत नाहीये." तो जरा वेळ काही बोलला नाही. मग त्याने माझ्या तिकिटांची यादी उघडली आणि प्रत्येकापुढे विचारलं, इथे किती दिवस वाट बघण्यात गेले? मोजलं. पंधरा कामाच्या दिवसांतले साडेसहा दिवस मी कशाची ना कशाची वाट बघत होते. कुणीतरी रिव्ह्यू करेल, कुणीतरी परवानगी देईल, कुणीतरी आपणहून सांगेल. जुन्या ठिकाणी वाट बघणं हा कामाचाच भाग होता, ते अंगवळणी पडलं होतं. तो म्हणाला, "कोड चांगला लिहितेस. मागायला शीक." त्या दिवशी एकही लोकल सोडली नाही.

जूनमध्ये पीएफ. जुन्या कंपनीने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नव्हती, आणि ती नसेल तर रक्कम नव्या खात्यात वळवता येत नाही. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटले की ती तारीख आपली आपण आधार ओटीपीने भरता येते. मी १० जूनला ती भरली आणि लगेच ट्रान्सफरचा अर्ज टाकला. पाच आठवड्यांनी रक्कम दिसली. वागळे इस्टेटच्या पीएफ कार्यालयात एकदाही जावं लागलं नाही. मात्र आधार, पॅन आणि यूएएन तिन्हीकडे नाव एकसारखं आहे ना, हे लग्न झालेल्या मुलींनी राजीनाम्याच्याही आधी तपासावं. मी नाव बदललं नव्हतं म्हणून सुटले.

जुलैपासून ऑन-कॉल, म्हणजे कधीही काही बिघडलं तर बघायची पाळी. सहा-आठ आठवड्यांतून एकदा पूर्ण आठवडा, भत्ता ३,००० रुपये. त्या आठवड्यात फोन उशाशी आणि लॅपटॉप सोबत, भाजी आणायला जातानासुद्धा. माझा पहिला आठवडा नेमका ८ जुलैला सुरू झाला, ज्या दिवशी मुंबईत सहा तासांत तीनशे मिलिमीटरवर पाऊस पडला आणि लोकल ठप्प झाल्या. सगळे घरून कामाला. वीज जाईल या भीतीने मी दोन पॉवर बँक भरून ठेवल्या. आठवडाभर एकच अलर्ट वाजला, तोही आपोआप शांत झाला.

खरा प्रसंग पुढच्या आठवड्यात, १८ जुलैला, आणि तो माझ्याच हातून घडला.

साठ्याच्या नोंदींचा शोध हळू चालत होता. मी त्या तक्त्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकायचं मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारा कोड) लिहिलं. माझ्या लॅपटॉपवरच्या पाच हजार ओळींवर डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. रिव्ह्यू झाला, मुख्य कोडमध्ये मर्ज झालं, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी लाइव्ह गेलं. प्रॉडक्शनच्या, म्हणजे ग्राहक खरोखर वापरतात त्या तक्त्यात चार कोटी ओळी होत्या. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्यात साधा 'क्रिएट इंडेक्स' चालू असताना तक्ता वाचता येतो, पण त्यात नवीन काही लिहिता येत नाही. ती आज्ञा 'कॉन्करंटली' शब्द जोडून द्यावी लागते, म्हणजे लिहिणं अडत नाही. शिवाय ती ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होतं नाहीतर काहीच होत नाही, अशा आज्ञांच्या गठ्ठ्याच्या) आत चालत नाही, आणि आमचं मायग्रेशनचं साधन सगळं काही आपोआप ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतं, ते मुद्दाम बंद करावं लागतं. यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

पावणेबाराला सपोर्टचे फोन वाजायला लागले. व्यापाऱ्यांचं बिल होईना. ती वेळ त्यांच्या गर्दीची, दुकानांना माल निघायची. माझे हात गार पडले. आणि मी तेच केलं जे एप्रिलमध्ये केलं नव्हतं. ग्रुपवर लिहिलं, "माझं मायग्रेशन ११.४० ला गेलंय, कदाचित त्यामुळेच आहे. मदत हवी." मिनिटभरात चार जण माझ्या खुर्चीमागे उभे. एकाने चालू असलेल्या क्वेऱ्यांची (डेटाबेसला दिलेल्या आज्ञांची) यादी काढली. सगळ्यात वर माझा इंडेक्स आणि त्याच्या मागे शेकडो बिलं रांगेत. ती क्वेरी रद्द केली. लॉक सुटला. रांग सरसर रिकामी होताना स्क्रीनवर दिसत होती, धरणाचा दरवाजा उघडावा तशी. एकूण अकरा मिनिटं गेली.

दुपारी मी सपोर्टच्या टेबलावर बसून फोन ऐकले. भिवंडीच्या एका घाऊक व्यापाऱ्याचा टेम्पो त्या अकरा मिनिटांत भरून उभा होता, बिल नाही म्हणून निघता येत नव्हतं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "ताई, झालं ना आता चालू? मग बास." माझ्या कामाने कुणाचं काय होतं, हे बघायला मी इथे आले होते. ते असं दिसेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पोस्टमॉर्टेम, म्हणजे काय चुकलं ते शोधायची बैठक झाली. त्यात व्यक्तीचं नाव लिहायचं नाही असा नियम आहे. कोणी केलं हा रकानाच नाही. प्रश्न हे, की लॅपटॉपवरच्या आणि खऱ्या डेटात एवढा फरक असताना हे आधी कुठे पकडता आलं असतं? दोन कामं निघाली. मोठ्या तक्त्यावर 'कॉन्करंटली'शिवाय इंडेक्स आला तर पाइपलाइननेच (कोड लाइव्ह जाण्याआधीच्या आपोआप तपासणीने) तो अडवायचा, आणि मायग्रेशन रात्री आठनंतरच जायचं. पहिलं काम मीच मागून घेतलं आणि चार दिवसांत संपवलं.

दुसऱ्याच दिवशी, १९ जुलैला, एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. ऑफिसात सगळे बातम्या बघत होते. मला मात्र सारखा, जगाच्या पाठीवर कुठेतरी ज्यांच्या हातून ते अपडेट गेलं असेल, त्यांचा विचार येत होता. त्यांच्या खुर्चीमागेही चार जण उभे राहिले असतील ना?

त्यानंतरचं थोडक्यात. ऑगस्टपासून माझी पाचातली चार-साडेचार तिकिटं व्हायला लागली. वेळ सर्वसाधारणपणे साडेनऊ ते सात, स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवशी रात्री साडेआठपर्यंत. मी पाठीच्या दुखण्याकडे दुर्लक्ष केलं आणि फिजिओथेरपीला आठ बैठकांचे ४,८०० रुपये घातले. पहिल्याच महिन्यात एचआरकडे चांगली खुर्ची मागा, देतात. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आणि नेमका तोच माझा ऑन-कॉलचा आठवडा. दोन आठवडे आधी ग्रुपवर विचारलं, एका सहकाऱ्याने दिवाळीच्या बदल्यात आठवडा घेतला. मोदकांना पाकळ्या पाडताना फोन दुसऱ्या खोलीत होता. ही अदलाबदल आयत्या वेळी होत नाही, लवकर मागावी.

सप्टेंबरअखेर प्रोबेशनचा आढावा झाला. स्वतःबद्दल दोन पानं लिहायची होती आणि चार सहकाऱ्यांचे अभिप्राय होते. मी अकरा मिनिटांचा प्रसंग स्वतःहून लिहिला. अभिप्रायांत दोघांनी तोच प्रसंग चांगल्या बाजूला लिहिला होता, लगेच सांगितलं म्हणून. सुधारणेत लिहिलं होतं, बैठकीत अजून कमी बोलते. खरं आहे. ८ ऑक्टोबरच्या मेलबरोबर कायम झाल्याचं पत्र आलं. नोटीस पिरियड ३० दिवसांचा ६० झाला आणि आई-बाबांना आरोग्य विम्यात घेता आलं, पगारातून दोन हप्त्यांत १४,००० रुपये कापून.

पुढच्या सोमवारी टीममध्ये एक मुलगी रुजू झाली, कळव्याची, आधी बँकेच्या प्रकल्पावरच होती. तिची बडी मी. साडेअकराच्या सुमारास बघितलं तर ती स्क्रीनकडे एकटक बघत बसलेली, डबा शेजारी.

"काय गं, काय अडलंय?"

"काही नाही. व्हीपीएन लागत नाहीये. बघते मी."

"किती वेळ झाला?"

"चाळीस मिनिटं."

उत्तर मला माहीत होतं, तरी सांगितलं नाही. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि ग्रुप उघडायला सांगितला. तिने वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग पाठवलं. दोन मिनिटांच्या आत तीन उत्तरं आली.